इंद्रियांची साक्ष आणि मनाचा निवाडा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या उत्तर तीरावर शहागड हे गाव वसलेले असून सोलापूर-धुळे महामार्ग येथेच पुलावरून नदी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात उतरतो. वैशाखातील भर दुपारी, जेव्हा नदीच्या पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडलेले असतात आणि रस्त्याचे डांबर अनवाणी पायाला सोसवत नाही, तेव्हा या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला पुढे काही अंतरावर रस्ता भिजलेला दिसतो. त्या ओलाव्यात समोरून येणाऱ्या मोटारीचे उलटे प्रतिबिंब हेलकावते, आणि आपण जसजसे जवळ जावे तसतसे ते पाणी तितकेच मागे हटत जाते. हे मृगजळ होय, आणि ते खोटे असते हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु त्यात नेमके खोटे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही; आणि मनाच्या कारभाराची ओळख करून घेण्यास याहून चांगला प्रश्न मला तरी दुसरा आढळलेला नाही.

तापलेल्या डांबरालगतची हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ उष्ण व म्हणून विरळ असते. आकाशाकडून तिरपे खाली येणारे किरण या विरळ होत जाणाऱ्या थरांतून जाताना थोडेथोडे वाकतात आणि जमिनीला न टेकताच पुन्हा वर वळून प्रवाशाच्या डोळ्यांत शिरतात. म्हणजे डोळ्याला आकाशाचा एक तुकडा रस्त्याच्या दिशेने आलेला दिसतो, आणि तो प्रकाश खरोखरच त्या दिशेने आलेला असतो. कॅमेऱ्याने छायाचित्र घेतले तर त्यातही तो तुकडा तसाच उमटतो. तेव्हा डोळ्याने काही पदरचे सांगितले असे म्हणता येत नाही. त्याने जे आले ते इमानाने पुढे पाठवले. जमिनीलगत निळसर, चकाकणारे आणि थरथरणारे जे काही दिसते ते पाणी असते, हा आयुष्यभराचा अनुभव ज्याच्या संग्रही आहे अशा मनाने त्या साक्षीवरून ‘पाणी’ असा निकाल दिला, आणि खोटेपणा काय तो त्या निकालात आहे.

आपल्याकडील नैयायिकांनी हा विषय फार पूर्वी आणि फार बारकाईने हाताळला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाचे जे लक्षण केलेले आहे त्यात इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षापासून उत्पन्न झालेले ज्ञान एवढेच म्हणून सूत्रकार थांबत नाहीत. ते ज्ञान व्यभिचाररहित आणि निश्चयात्मक असावे अशीही अट घालतात. भाष्यकार वात्स्यायनांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या दोन अटी समजावून देताना जी उदाहरणे घेतली ती जणू गोदातीरावर उभे राहूनच घेतली असावीत असे वाटते. पहिले मृगजळाचे: ग्रीष्मात भूमीच्या उष्म्याशी मिसळून थरथरणारे सूर्यकिरण दुरून डोळ्यांना भिडतात आणि पाहणाऱ्यास पाण्याचे ज्ञान होते. दुसरे असे की, दुरून पाहणारा माणूस समोर उठलेला लोट धुराचा आहे की धुळीचा आहे याचा निश्चय करू शकत नाही. उसाचा पाला पेटवल्यावर शिवारात उठणारा धूर आणि कच्च्या वाटेवरून गेलेल्या वाहनामागची धूळ यांविषयी हाच संशय या भागातील शेतकऱ्याला आजही पडतो, आणि वारा कोणीकडचा आहे, हंगाम कोणता आहे, त्या अंगाला रस्ता आहे की फड आहे, या गोष्टी जुळवूनच तो आपला निश्चय करतो.

पुढे भ्रमाच्या या प्रश्नावर आपल्या दर्शनांत मोठा वाद झाला आणि त्यातून ख्यातिवाद नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच उभे राहिले. शिंपल्यावर रुपे भासते तेव्हा काय घडते? नैयायिक म्हणतात, पूर्वी अन्यत्र पाहिलेले रुपे मनाने येथे आणून जोडले. प्रभाकर मीमांसक म्हणतात, समोरचे दर्शन आणि जुने स्मरण अशी दोन ज्ञाने होती, त्यांतील भेद तेवढा लक्षात आला नाही. अद्वैती म्हणतात, ते रुपे सत् म्हणता येत नाही आणि असत्ही म्हणता येत नाही. या मतांत परस्परविरोध पुष्कळ आहे. पण पहिल्या दोन मतांत स्मृतीला जे स्थान दिलेले आहे ते मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण आधुनिक शास्त्र वेगळ्या वाटेने चालत येऊन त्याच जागी पोचलेले आहे. शहागडच्या वरच्या अंगाला गोदेकाठीच असलेल्या पैठणशी ज्यांचे नाव जडलेले आहे त्या ज्ञानेश्वरांनी आणि एकनाथांनी, तसेच जालना जिल्ह्यातीलच जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दोरीवरील सर्पाचा दृष्टांत मराठी माणसाच्या ओठी आणून ठेवला. त्यांचा हेतू जगाचे मिथ्यात्व पटवण्याचा होता, म्हणून दोरी कशी दिसली यापेक्षा साप नाहीसा कसा झाला यावर त्यांचा भर असणे साहजिक होते. मात्र दासबोधात अंतःकरणाची जी फोड केलेली आहे, ज्यात ‘आहे की नाही’ असे घोटाळणे मनाकडे आणि निश्चय करणे बुद्धीकडे दिलेले आहे, ती केवळ अध्यात्माच्याच उपयोगाची आहे असे नाही. या लेखात मात्र मी मन हा शब्द लौकिक, व्यापक अर्थाने वापरीत आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्स यांनी 1856 ते 1867 या काळात प्रसिद्ध केलेल्या दृष्टिशास्त्रावरील आपल्या मोठ्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, आपले पाहणे हे एक नकळत केलेले अनुमान असते. ही कल्पना समजण्यास तालुक्याच्या कचेरीचे उदाहरण पुरे आहे. मामलेदार प्रत्येक शिवारात स्वतः जात नाही. गावोगावचे तलाठी व कोतवाल जे कळवतात त्या त्रोटक जबान्या त्याच्यापुढे येतात, जुने दप्तर त्याच्या हाताशी असते, आणि जबानीची दप्तराशी रुजवात घालून तो निवाडा देतो. दप्तर चांगले असेल आणि मामला नेहमीचा असेल तर निवाडा तत्काळ होतो व बहुधा बरोबरही ठरतो. मामला अपूर्व असेल तर तेच दप्तर त्याला चुकीच्या मार्गाला लावते. डोळा, कान, त्वचा यांच्याकडून येणाऱ्या जबान्या किती त्रोटक असतात याची मात्र आपल्याला कल्पना नसते, कारण आपल्यापर्यंत पोचतो तो निवाडा. मूळ कागद आपल्या दृष्टीस कधीच पडत नाहीत.

डोळ्याचीच जबानी घ्या. दृष्टिपटलावर सुमारे बारा कोटी दंडाकार आणि साठ लक्ष शंक्वाकार पेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टितंतूंची संख्या दहा लक्षांच्या आसपासच आहे. अर्थात पुष्कळसा मजकूर डोळ्यातच गाळला जातो व संक्षेपाने पुढे जातो. दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा उलटी, सपाट आणि मध्यभागाखेरीज अस्पष्ट असते. हात लांब करून अंगठा धरला असता त्याची रुंदी जेवढी दिसते साधारण तेवढाच भाग आपल्याला कोणत्याही क्षणी लखलखीत दिसतो. बाकीचे दृश्य स्वच्छ वाटते ते नजर दर सेकंदास तीनेक वेळा इकडून तिकडे उडी घेत असल्यामुळे. त्यातही जेथून दृष्टितंतूंची जुडी डोळ्याबाहेर पडते तेथे प्रकाश टिपणारी पेशी एकही नाही. या अंधबिंदूचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ एदमे मारियॉत यांनी सतराव्या शतकात लावला. वाचकांनी कागदावर आठ सेंटीमीटरच्या अंतराने दोन ठिपके काढावेत, डावा डोळा मिटावा, उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे टक लावावी आणि कागद सुमारे एक फुटावर धरून सावकाश पुढेमागे करावा. एका जागी उजवा ठिपका साफ नाहीसा होतो. तेथे काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. एका ओळीत दहा पूर्णचंद्र मांडता येतील एवढी ही पोकळी प्रत्येक डोळ्यात जन्मभर असते, आणि मन भोवतालचा रंग पसरून ती इतक्या बेमालूमपणे भरून काढते की, आपल्या दृष्टीत अशी पोकळी आहे हे हजारो वर्षे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

आता काळ्या रानाकडे पाहू. गोदाकाठची जमीन काळी, घरातील धोतर पांढरे, हा भेद एवढा ढळढळीत आहे की त्यात अनुमान कसले, असे कोणीही म्हणेल. पण दुपारच्या कडक उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे एक लक्ष लक्स असतो, आणि माळवदाच्या घरात आतल्या बाजूला तो शंभर लक्सच्या आसपास असतो. काळी कोरडी माती त्यातील एक दशांश प्रकाश परत फेकते असे धरले तरी शेतातील काळ्या मातीकडून डोळ्याकडे येणारा प्रकाश घरातील पांढऱ्या धोतराकडून येणाऱ्या प्रकाशाच्या शंभरपटीहून अधिक भरतो. केवळ डोळ्याच्या जबानीवर विसंबायचे तर माती पांढरीशुभ्र आणि धोतर कोळशासारखे काळे दिसावयास हवे. तसे कधी होत नाही, कारण मन आलेला प्रकाश मोजून स्वस्थ बसत नाही. भोवतालच्या इतर वस्तूंकडून किती प्रकाश येत आहे याच्याशी त्याचे गुणोत्तर घेऊन, ऊन किती व सावली किती याचा अंदाज बांधून, तो अंदाज वजा करून मग वस्तूचा स्वतःचा वर्ण ठरवते. ज्वारीची भाकरी चुलीच्या तांबूस उजेडात, दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात आणि अंगणातील उन्हात एकाच रंगाची दिसते ती या वजावटीमुळे. भ्रमाची उदाहरणे वाचून इंद्रियांवर अविश्वास दाखवणाऱ्यांनी हे उदाहरण नीट ध्यानात घ्यावे असे मला कळकळीने वाटते. ज्या अनुमानाने मृगजळाचे पाणी केले त्याच अनुमानाने मातीला माती आणि धोतराला धोतर ठेवले आहे. पहिले टाकून दुसरे ठेवता येणार नाही.

कोजागिरीच्या संध्याकाळी शहागडच्या पुलावरून पूर्वेकडे पाहिले असता पात्रापलीकडील झाडांच्या रांगेतून वर येणारा चंद्र केवढा तरी मोठा दिसतो, आणि मध्यरात्री डोक्यावर आलेला तोच चंद्र लहान वाटतो. हवेमुळे तो मोठा होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही; चंद्राचा दृश्य व्यास दोन्ही वेळी सुमारे अर्धा अंशच असतो. तुरीचा एक दाणा चिमटीत धरून हात पूर्ण लांब केला आणि एक डोळा मिटून पाहिले तर उगवतीचा तो भला मोठा चंद्रही त्या दाण्याआड जातो, आणि माथ्यावरचाही तसाच जातो. अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात या भ्रमाचे कारण पाहणाऱ्याच्या निर्णयात शोधले होते: क्षितिजाकडे पाहताना मध्ये शेते, झाडे, टेकड्या असतात, त्यांमुळे क्षितिज दूरचे वाटते, आणि जे दूर असूनही तेवढेच दिसते ते मोठे असले पाहिजे, असे मन ठरवते. या उपपत्तीवर आजही शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत नाही. परंतु चंद्राची वाढ आकाशात होत नसून पाहणाऱ्याच्या ठायी होते, याविषयी दुमत उरलेले नाही.

हे सारे डोळ्यापुरतेच आहे असे मात्र नव्हे. खोल विहिरीचे पाणी पौषातल्या पहाटे कोमट लागते आणि चैत्रात गार लागते, हे खेड्यातील प्रत्येकाला माहीत आहे. वास्तविक त्या पाण्याचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखे असते. त्वचेतील संवेदक निरपेक्ष तापमान सांगत नाहीत, आपल्या चालू अवस्थेशी पडलेले अंतर तेवढे कळवतात, आणि थंडीने गारठलेल्या हाताला तेच पाणी उबदार भासते. वजनाची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. फ्रेंच वैद्य शार्पांतिए यांनी 1891 साली दाखवून दिले की, सारख्याच वजनाच्या दोन वस्तू उचलल्या असता आकाराने लहान असलेली वस्तू निश्चितपणे जड वाटते. पाच किलो कापसाचे बोचके आणि पाच किलोचे लोखंडी माप पाठोपाठ उचलून कोणीही याची खात्री करून घ्यावी. मोठ्या वस्तूला अधिक जोर लागेल या अपेक्षेने मन आधीच तयारी करते, ती अपेक्षा फसते आणि बोचके हलके वाटते, असे याचे स्पष्टीकरण पूर्वी देत असत. पण पुढील प्रयोगांत असे आढळले की, पाच-सात वेळा उचलल्यावर हात बरोबर तेवढाच जोर लावू लागतो, आणि तरीही लहान वस्तू जड वाटण्याचे थांबत नाही. हाताचे शिकणे एक आणि जाणिवेचे शिकणे दुसरे, असे यावरून मानावे लागते.

अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर आहे तिचा आकार माशासारखा दिसतो आणि देवीला ते नाव त्यावरूनच मिळाले, हे या तालुक्यात सर्वश्रुत आहे. खडकमातीच्या उंचवट्यात डोके, पाठ आणि शेपूट पाहणे ही मनाची फार जुनी शक्ती आहे. तिचा सर्वांत प्रबळ आविष्कार चेहऱ्यांच्या बाबतीत होतो. ढगात, झाडाच्या खोडात, भिंतीच्या ओलीत दोन ठिपके आणि त्यांखाली एक रेघ आढळताच चेहरा उभा राहतो. अमेरिकेतील नॅन्सी कॅनविशर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली मेंदूच्या खालच्या बाजूस असा एक भाग दाखवून दिला की जो इतर वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना विशेष चेतवला जातो. उभ्या पिकात रोवलेले बुजगावणे तिन्हीसांजेला माणूस भासते याचे कारण हेच. चेहरा नसताना चेहरा पाहिल्याने थोडी फसगत होते एवढेच. पण दबा धरून बसलेला माणूस वा जनावर असताना ते न दिसणे प्राणावर बेतू शकते. तेव्हा मनाने संशयाचा फायदा कोणत्या बाजूस द्यायचा हे ठरवून ठेवलेले आहे, आणि ते शहाणपणाचे आहे.

परंतु हीच तत्परता कधीकधी जिवावर उठते, आणि महामार्गावरील गावाला हे पुस्तकातून सांगावे लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात रात्री रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात. त्यांतील एखाद्याचा पुढचा एकच दिवा लागलेला असतो, आणि मागच्या ट्रॉलीला दिवाच नसतो. समोरून येणाऱ्या चालकाचे मन आपल्या दप्तराप्रमाणे ‘एक दिवा म्हणजे दुचाकी’ असा निवाडा करून तिच्यापुरती जागा सोडते. दोन दिव्यांमधील अंतर वाढत जाताना पाहून वाहन किती जवळ आले हे ओळखण्याची जी सवय, तिला येथे आधारच उरत नाही. मागून येणाऱ्याची स्थिती याहून वाईट. काळोखात काळी ट्रॉली डोळ्याला भोवतालापासून वेगळी काढताच येत नाही, आणि ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार प्रत्येक सेकंदास 22 मीटर अंतर कापीत असते. अशा अपघातानंतर चालकाचे लक्ष नव्हते, असा शेरा लोक सहज मारतात. पुष्कळदा त्याचे लक्ष असते; समोर जे आले त्यावरून कोणतेही मन जो निवाडा करील तोच त्याने केलेला असतो. म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावणे हा चालकांना केलेल्या शंभर उपदेशांहून अधिक परिणामकारक उपाय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो उपाय साक्षच सुधारतो.

कानाच्या बाबतीत दप्तर किती लवकर तयार होते याचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कॅनडातील जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना त्यांतील भेद कळत होता; दहा-बारा महिन्यांच्या बालकांत तो कळणारी फारच थोडी उरली होती, आणि इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना तर तो बहुधा ऐकूच येत नव्हता. आपल्याला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत गोंधळ होणे अशक्य वाटते, कारण आपल्या कानांनी पहिल्याच वर्षी हा भेद कामाचा म्हणून जतन केला. इंग्रजी ऐकणाऱ्या बालकाच्या मनाने तो बिनकामाचा म्हणून सोडून दिला. कानांत कोणताही दोष नसता, ध्वनी तोच असता, एकाला दोन वर्ण ऐकू येतात आणि दुसऱ्याला एकच! आणि आठवडी बाजाराच्या गलबल्यात शेकडो आवाज कानांवरून निघून जात असता कोणी आपले नाव उच्चारले की तेवढेच ऐकू येते, यावरून न ऐकलेल्या वाटणाऱ्या गोष्टींचीही कोठेतरी छाननी चालू असते, हेही उघड आहे.

मेंदूच्या रचनेतही या सर्वाला पुरावा सापडतो. डोळ्याकडून निघालेले तंतू थॅलॅमस नावाच्या केंद्रातील ज्या ठाण्यात प्रथम पोचतात, तेथील जोडण्यांपैकी डोळ्याकडून आलेल्या जोडण्या सुमारे एक दशांशच असतात. मोठा हिस्सा मेंदूच्या वरच्या थराकडून उलट येणाऱ्या व अन्य केंद्रांकडून येणाऱ्या तंतूंचा असतो. म्हणजे वर जाणाऱ्या जबानीपेक्षा वरून येणारे हुकूमच तेथे अधिक. काय दिसण्याचा संभव आहे हे मेंदू आधीच कळवून ठेवतो आणि डोळ्याकडून मुख्यतः फरकाची वर्दी घेतो, अशी उपपत्ती आज पुष्कळ शास्त्रज्ञ मांडतात.

मग हे दप्तर जन्माबरोबर येते की आयुष्यात लिहिले जाते? आयर्लंडमधील विल्यम मॉलिन्यू यांनी 1688 साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न लिहून पाठवला होता: जन्मांध माणसाला स्पर्शाने गोळा आणि घन ओळखता येतात, त्याला एकाएकी दृष्टी आली तर स्पर्श न करता, केवळ पाहून, तो हे दोन ओळखील काय? तीनशे वर्षे हा प्रश्न तर्काने चर्चिला गेला. त्याचे प्रयोगाने उत्तर मिळाले ते भारतीय मुलांमुळे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील पवन सिन्हा यांनी दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा उपक्रम सुरू केला. जन्मतःच मोतीबिंदू वा तत्सम दोषाने अंध असलेल्या, आणि उपचाराअभावी तशाच वाढलेल्या उत्तर भारतातील मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी द्यायची व त्यांचे पाहणे कसे घडत जाते याचा अभ्यास करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांची हकिकत आहे. नुकतीच दृष्टी आलेल्या या मुलांना पाहिलेली वस्तू पुन्हा पाहून ओळखता आली, चाचपलेली वस्तू पुन्हा चाचपून ओळखता आली. पण चाचपलेली वस्तू पाहून ओळखता आली नाही. मात्र थोड्याच दिवसांत ती शक्ती त्यांच्यात येऊ लागली.

या मुलांच्या आणखी एका अडचणीचे वर्णन वाचून मन थरारते. एकमेकींना अंशतः झाकणाऱ्या दोन आकृती दाखविल्या तर ही मुले दोन आकृती न पाहता अनेक तुकडे पाहत. सावलीची कडा आणि वस्तूची कडा यांत भेद त्यांना करता येत नसे. ज्या वस्तू हलत असत त्या मात्र त्यांना पूर्ण दिसत, आणि या चलनाच्या आधारानेच ती हळूहळू स्थिर वस्तूही वेगळ्या काढण्यास शिकली. समोर बसलेली आई, तिचा पदर, मागची भिंत आणि भिंतीवरची सावली हे चार पदार्थ आहेत, हे आपल्याला आपोआप दिसते असे आपण समजतो. ते आपल्याला कोणे एके काळी शिकावे लागले आहे. याचा अर्थ सर्वच शिकावे लागते असाही नाही. 2015 साली त्याच गटाने दाखवून दिले की, सारख्या लांबीच्या रेघा टोकांवरील बाणांमुळे लहानमोठ्या दिसण्याचा जो प्रसिद्ध भ्रम आहे तो या मुलांना दृष्टी येताच लगेच झाला. तो अनुभवाने जडतो अशी समजूत पुष्कळांची होती. निदान या एका बाबतीत ती टिकली नाही. दप्तराची काही पाने कोरी येतात, काही लिहिलेली येतात. कोणती कशी, हा शोध अजून चालू आहे.

कोरी पाने लिहिण्यास मुदत असते, हे मात्र निश्चित झाले आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजराच्या पिलाचा एक डोळा जन्मानंतरचे पहिले काही महिने झाकून ठेवला आणि नंतर उघडला. डोळा निकोप होता, पण मेंदूतील बहुतेक पेशींनी त्याच्याकडे लक्ष देणे सोडून दिले होते. त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला तर असे काही घडत नाही. या दोघांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मुलातही तोच नियम आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बालकावर पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया झाली तर ते चांगली दृष्टी मिळवू शकते. दहा वर्षांनी केली तर डोळा स्वच्छ होतो, पण पाहणे अपुरेच राहते. तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा मोठा नंबर यांमुळे मेंदू त्या डोळ्याची साक्ष नाकारू लागतो आणि तो डोळा मंद होतो. चांगल्या डोळ्यावर दिवसाचे काही तास पट्टी बांधून मेंदूला मंद डोळ्याकडे वळविण्याचा साधा उपाय वयाच्या सातव्या वर्षापर्यंत उत्तम लागू पडतो, पुढे त्याचा गुण कमी होत जातो.

आपल्या खेड्यांत ‘मूल मोठे झाले की तिरळेपणा आपोआप जाईल’, ‘एवढ्या लहान जिवावर शस्त्रक्रिया कशाला’ असे वडीलधाऱ्यांकडून मायेपोटी सांगितले जाते. त्या मायेचा मी पूर्ण आदर करतो. पण या एका बाबतीत थांबण्याची किंमत मूल जन्मभर देते. म्हणून वाचकांस माझी विनंती आहे. बालकाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तीन महिन्यांचे होऊनही ते आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवीत नसेल, किंवा चार-सहा महिन्यांनंतरही एक डोळा तिरका राहत असेल, तर वाट न पाहता त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी होते. जन्मजात मोतीबिंदू आणि दृष्टिदोष हे दोन्ही त्या कार्यक्रमाच्या यादीत आहेत आणि पुढील उपचारही त्यात विनामूल्य मिळतात. गावात हे पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि शेजारच्या घरातील मूल राहून गेले असेल तर त्यालाही बोटाला धरून न्यावे.